गोठ्यातली खमिराची बरणी

अन्याय माझ्या आत्यावर झाला. बासष्ट साली, अष्टग्रहीच्या शेवटच्या दिवशी, सोमवारी दुपारी, ताटं वाढलेली असताना. ठिकाण लोणार, आमचं घर. करणारे तिघे: आई, बाबा आणि मी.

आम्ही पोरं पत्रकं काढायचो तेव्हा अशीच सुरुवात करायची शिस्त होती. कोणावर, कधी, कुठे, कोणी केलं हे पहिल्या चार ओळींत आलं पाहिजे, नाहीतर माणूस कागद चुरगाळतो आणि त्यात फुटाणे बांधतो. नावं मात्र इथे देत नाही. आत्याला विचारलं होतं. ती म्हणाली, "लिव्ह. पण नाव नोको टाकू कोणाचं." म्हणून टाकत नाही.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. दुसरबीडला दिली होती. नवऱ्याने दुसरी आणली तेव्हा ही एक ट्रंक घेऊन एसटीने परत आली. आमचा गावालगत भाजीचा मळा. मेथी, वांगी, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या. आत्याच्या वाट्याला निंदण, गोठा आणि भाकरी आल्या. तिला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पत्रकाला एक दुष्ट माणूस लागतो, आमच्या घरात तसा कोणी नव्हता. तिला कोणी काही विचारत नव्हतं, एवढंच.

मळ्याच्या कुंपणापलीकडे एक बेकरी होती. मातीची भट्टी, सकाळी नान, दुपारी पाव. बेकरीवाल्याच्या बायकोला सगळी गल्ली खाला म्हणायची. ती कुंपणावरून भाजी घ्यायची, आत्या कुंपणावरून द्यायची, आणि दोघींचं बोलणं भाजी संपली तरी संपायचं नाही. एक दिवस खालाने ओल्या फडक्यात बांधून लिंबाएवढा एक गोळा आत्याला दिला. खमीर. पीठ-पाणी कालवून आंबवलेलं, खालाच्या सासूच्या वेळेपासून चालत आलेलं.

"इसको रोज खिलाना," खाला म्हणाली. "आधा निकालो, बाकी को ताजा आटा-पानी दो. एक दिन भूली, तो रूठ जाएगा. दो दिन भूली, तो मर जाएगा."

आत्याने ते चिनी मातीच्या बरणीत घातलं आणि बरणी गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवली. घरात आंबूस वास नको, असं आई म्हणाली होती. हे कुठून आलं, असं आईने विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, "ताकातलं आंबवण हाय, वैनी." खरं फक्त मला ठाऊक होतं, कारण फडकं परत द्यायला मीच गेलो होतो.

आता अडचण अशी की खालाकडे रोज काढलेलं अर्धं खमीर पावात जायचं. आमच्या घरी पाव कोण भाजणार? घरात रोज ज्वारी. गहू सणासुदीचा. आत्या त्या बरणीपुरता गहू शेताशेतांतून सरवा वेचून आणायची, लोकांची कापणी झाली की खाली पडलेली कणसं. असं वेचलेलं पीठ उकिरड्यावर टाकायला तिचा हात होईना. मग तिने त्या उरलेल्या खमिराचा केक करायला घेतला. केक हे नाव पुढे आलं. आम्ही आधी त्याला गोड रोट म्हणायचो.

कृती सांगतो, कारण मी ती पन्नास वेळा पाहिली आहे. दोन-तीन दिवसांचं काढलेलं खमीर एका पातेल्यात. त्यात पातळ केलेला गूळ, थोडा रवा, दूध, चमचाभर तूप, एक काळं पडलेलं केळ कुस्करून. रात्रभर तसंच. सकाळी चिमूटभर खार, सरोवराच्या काठचा, आमच्याकडे पापडात घालतात तोच. आंबट खमिरात खार पडला की सगळं फसफसून वर यायचं. तेव्हा आत्या कोणाशी बोलायची नाही. भराभर ते कल्हईच्या डब्यात ओतायची, डबा गरम वाळूच्या कढईत, झाकणावर गोवऱ्यांचे निखारे. झाला की नाही हे बघायला सोललेली तुराटी, तुरीची वाळकी काडी, खुपसायची. कोरडी निघाली की उतरवायचा. बाहेरून काळपट, आतून तांबूस, चवीला गोड आणि शेवटी जरा आंबट.

सगळे खायचे. बाबा बाजाराच्या दिवशी धोतराच्या सोग्यात दोन तुकडे बांधून न्यायचे. आई खायची आणि चेष्टाही करायची. संध्याकाळी गाईची धार काढून झाली की ओरडायची, "बाई, तुमच्या दुसऱ्या जनावराले चारा घातला का?"

"घातला वैनी. पण ते दूध नाही देत अजून."

"मंग बाजारात इकून टाका!"

असं दोन वर्षं चाललं.

एकसष्टच्या दिवाळीनंतर ब्लॉकातली ग्रामसेविका आमच्या गल्लीत महिला मंडळाच्या कामाला आली. बिनधुराची चूल कशी बांधावी हे सांगायचं होतं. आत्याने तिच्यासमोर चहाबरोबर रोट ठेवला. तिने एक तुकडा खाल्ला, मग दुसरा घेतला आणि विचारलं, "हा केक कुठून आणला?"

"गोठ्यातून," आई म्हणाली. सगळ्या बाया हसल्या.

ग्रामसेविका हसली नाही. आत्याला घेऊन गोठ्यात गेली, बरणी पाहिली, कढई पाहिली. मग म्हणाली की फेब्रुवारीत गृहउद्योगाच्या वर्गासाठी बायका निवडायच्या आहेत. सहा महिने शिकवणार, राहायला वसतिगृह, दरमहा थोडे पैसे, आणि पुढे मंडळांवर शिकवायचं काम. नववी नापास झालेली बाईही चालेल. एकच अट, वय तीसच्या आत. निवडीच्या दिवशी स्वतःच्या हातचा एक जिन्नस करून आणायचा. आत्याला तेव्हा एकोणतीस पूर्ण झाली होती.

बाबांनी हो म्हणायला महिना घेतला, पण म्हणाले. "जाऊ दे. इथं तरी काय करून राह्यली." निवड ठरली मेहकरला, अष्टग्रहीनंतरच्या शुक्रवारी.

अष्टग्रही आता सगळे हसून सांगतात. तेव्हा कोणी हसत नव्हतं. आठ ग्रह एका राशीत येणार, शनिवार ते सोमवार, आणि जग बुडणार. आमच्या गावात तर लोक जास्तच घाबरले, कारण सरोवराचा खड्डा आभाळातून काहीतरी पडून झाला असं शाळेत शिकवलेलं होतं. एकदा पडलं ते पुन्हा पडेल, असा हिशेब. देवळात होम सुरू झाले. सावकार गाईला घास घालताना दिसले. कोणी घरातलं धान्य वाटून टाकलं आणि मंगळवारी परत मागायला गेलं.

आम्ही आठ पोरं याच्या विरुद्ध उभी राहिलो. मी एकोणीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला, मेहकरच्या एका छापखान्यात खिळे जुळवायला शिकलेला. निवडणुकीचे दिवस होते, छापखाना मोकळा नव्हता, तरी मालकाच्या पाया पडून आम्ही पिवळ्या कागदावर पत्रक काढलं. मथळा मी लिहिला होता: "ग्रह आपल्या वाटेने जातात, तुम्ही आपल्या कामाला जा!" उद्गारचिन्ह मोठ्या टाइपातलं. तीन दिवस मी एसटी स्टँडवर उभा होतो. शिव्या खाल्ल्या. एका म्हाताऱ्याने कागद घेतला, कपाळाला लावला आणि खिशात ठेवला. त्याला वाटलं, मंत्र आहे.

मी इकडे हे करत असताना सोमवारी सकाळी आईने गोठ्यातली बरणी उकिरड्यावर उपडी केली.

आईचं म्हणणं असं. ग्रहणात शिळं, आंबलेलं ठेवत नाहीत. एका सूर्याला ग्रहण लागलं तर टाकतो, इथे तर आठ जण एकत्र बसले आहेत. त्या सोमवारी पंचांगात सूर्यग्रहणही होतं, ते आमच्याकडे दिसणार नव्हतं, आणि न दिसणाऱ्या ग्रहणाचे वेध पाळत नाहीत हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण ती घाबरली होती. लोणच्यावर तुळशीचं पान ठेवलं, दुधात ठेवलं, तुपात ठेवलं. बरणीपाशी आली तेव्हा पानं संपली होती. तुळस सकाळीच अर्धी गल्ली ओरबाडून गेली होती. एक पान असतं तर बरणी वाचली असती. हे आईने मला नंतर सांगितलं, आणि ती खोटं बोलत नाही.

मी साडेअकराला घरी आलो. आत्या गोठ्यात बसून रिकामी बरणी राखेने घासत होती. मी विचारलं, काय झालं. तिने सांगितलं. माझं डोकं तापलं.

"ओरडू नोको," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "शुक्रवारले चार दिवस हायेत. चार वाजता खाला भाजीले येते, तवा कुंपणापाशी जाऊन तिच्याकडून गोळा आणते. दोन दिवस चारलं का उठते ते. तू फक्त गप ऱ्हाय. आयकलं का? तू गप ऱ्हाय, बाप्पा."

मी हो म्हणालो.

हे लिहून ठेवतो, कारण यातून मला पळवाट नाही. तिने मागितलेली गोष्ट एकच होती. पैसा नाही, मोर्चा नाही, पत्रक नाही. चार वाजेपर्यंत तोंड बंद.

जेवायला बसलो. बाबा, मी. आई वाढत होती, आत्या चुलीपाशी भाकरी थापत होती. बाबांचा मूड चांगला होता. तिसरा दिवस निम्मा गेला होता आणि आभाळ जागेवर होतं. ते हसून म्हणाले, "चला. जग वाचलं, बाईचं जनावर तेवढं गेलं."

आई म्हणाली, "गेलं ते बरंच झालं. इडापिडा त्याच्यावरच गेली."

एवढंच. बोलायचं म्हणून बोलले. मी तीन दिवस स्टँडवर लोकांच्या तोंडाकडे पाहत उभा होतो, कोणी ऐकलं नव्हतं, आणि आता माझ्या घरात, माझ्या ताटासमोर तेच.

"इडापिडा?" मी म्हणालो. "दोन वर्षं जे गोड गोड म्हणून खाल्लं, ते कोणाच्या घरचं होतं, माहीत आहे का? विटाळ झाला का तुम्हाला? आकाश पडलं का? एकाच्या तरी पोटात दुखलं का?"

आईचा हात भांड्यात थांबला. चुलीपाशी बसलेल्या आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मला वाक्यं सुचत होती. एकामागून एक, छापल्यासारखी.

"कोणाच्या घरचं होतं बे?" बाबांनी विचारलं. हळू.

मी सांगितलं. बेकरीवाल्या खालाच्या घरचं. तिच्या सासूच्या वेळचं. तेच खमीर, ज्याचे तुकडे तुम्ही सोग्यात बांधून बाजारात नेले. आणि मी पुढेही बोललो. माणुसकी, विज्ञान, नवं राज्य. सगळं बरोबर होतं. आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. त्या वेळी तो उच्चारायला नको होता, एवढं एक सोडून.

बाबांनी ताटात हात धुतला. अर्धी भाकरी तशीच.

"बाई, हे खरं हाय?"

"हाव, दादा."

"दोन वर्षं?"

"हाव."

"मले काऊन नाही सांगितलं?"

 तव्यावरची भाकरी करपत होती, ती आत्याने उलटली.

बाबा उठले. दारात थांबून म्हणाले, "शुक्रवारी कोठी जाणं नाही. घरात राहून हे, तर बाहेर राहून काय." आणि मळ्यात गेले. संध्याकाळपर्यंत मळ्याच्या कुंपणाला, बेकरीच्या बाजूने, बाभळीच्या फांद्या बांधून टाकल्या. आईने चुलीवर, डब्यावर, कढईवर गोमूत्र शिंपडलं. बरणी तिने फोडली नाही. चिनी मातीची होती, चांगली होती. तिच्यात मीठ भरलं.

मला तेव्हा काय वाटलं ते लिहायचं तर, मी जिंकलो असं वाटलं.  दुसऱ्या दिवशी मित्रांना सगळा प्रसंग सांगितला. एकजण म्हणाला, "वा रे वाघा!" दोघांनी टाळ्या वाजवल्या. आत्या शुक्रवारी जाणार नाही, हेही मी सांगितलं, पण ते शेवटी सांगितलं आणि तोपर्यंत चहा आला होता.

गुरुवारी सकाळी मी मळ्यात गेलो तर बाभळीच्या काट्यात एक ओलं फडकं अडकवलेलं. काट्यातून हात घालून कोणीतरी आतल्या बाजूला लटकवलं होतं. खालाने. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण कुंपण बोलतंच. मी फडकं सोडलं. आत लिंबाएवढा गोळा, थंड, जरासा फुगलेला.

मी तो शर्टाखाली धरून गोठ्यात नेला. आत्या शेण काढत होती. मी म्हणालो, "आत्या, हे घे. अजून एक दिवस आहे. मी बाबांशी बोलतो. मी तुला उद्या सकाळच्या गाडीत बसवतो, कोणाला सांगत नाही."

तिने हात धुतले, पदराला पुसले. गोळा हातात घेतला, नाकाशी नेला. वास घेतला. मग परत माझ्या हातात दिला.

"गाईले घाल."

"आत्या..."

"तू बोलतो तर दादाचा राग अजून वाढते. अन मी सांगितल्याबिगर गेली तर मले परत यायले घर नाही. वर्ग सहा महिन्यांचा हाय, बाप्पा. सातव्या महिन्यात मी कोठी जाऊ? तुह्या पत्रकात ऱ्हाऊ?"

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला काही करता आलं असतं. तिने टोपलं उचललं आणि उकिरड्याकडे गेली. मी गोळा गाईच्या पुढ्यात धरला. गाईने जिभेने तो ओढून घेतला आणि दोनदा तोंड हलवलं. फडकं माझ्या हातात राहिलं. ते परत द्यायला मी गेलो नाही. आजही माझ्या ट्रंकेत आहे.

शुक्रवारी सकाळची गाडी आमच्या गल्लीवरून गेली. आत्या मेथीच्या जुड्या बांधत होती. हॉर्न वाजला तेव्हा तिने मान वर केली नाही. मी मोजलं नाही, पण जुड्या नेहमीपेक्षा बारीक बांधल्या जात होत्या आणि आईने त्या तशाच टोपल्यात भरल्या.

पंधरा दिवसांनी ग्रामसेविका आली. म्हणाली, वाट पाहिली. एका बाईने शेव आणली होती, तिची निवड झाली. पुढच्या वर्षी पुन्हा निवड आहे. आत्याने तिला चहा दिला आणि म्हणाली, "पुढच्या वर्साले मले तीस पुरे होते." ग्रामसेविकेने वहीत पाहिलं, वही मिटली. चहाबरोबर ठेवायला त्या दिवशी काही नव्हतं.

त्यानंतर आत्याने कधी काही आंबवलं नाही. ताकसुद्धा आई घुसळते. मी शहरात गेलो, बरीच पत्रकं लिहिली, काहींचा उपयोगही झाला असेल. सुटीत घरी जातो. आत्या वाढते. विचारपूस करते. मी एकदा माफी मागायला सुरुवात केली तर म्हणाली, "तुह्यं खरंच होतं. पण मले त्या दिवशी खरं नव्हतं पाहिजे. मूठभर खमीर पाहिजे होतं. जेव आता." मी जेवलो. मीठ कमी होतं, ते तिने बरणीतून काढून दिलं.

मला यावर काही वाटायला हवं. लिहिताना वाटेल असं समजून लिहायला बसलो होतो. वाटत नाही. फक्त सगळं क्रमाने आठवतं, साडेअकरा, तुळशीची पानं, करपलेली भाकरी.

तेव्हा वाचणाऱ्याकडून मागायचं ते मागतो. तुम्हीही सभेला जात असाल, पत्रकं वाटत असाल, खरं बोलायला घाबरत नसाल. चांगलं आहे. आज घरी जा. तुमच्या घरात कोणीतरी बाई असेल, जिची बरणी गोठ्यात, माळ्यावर, चुलीमागे कुठेतरी ठेवलेली असेल. तिच्यासाठी लढण्याआधी तिला विचारा, तुला माझ्याकडून काय पाहिजे. ती जे सांगेल तेवढंच करा. बरणी आत आणायला सांगितली तर घरच्यांच्या तोंडावर आत आणा. गाडीत बसवायला सांगितलं तर बसवा, आणि ती परत येईल तेव्हा तिला दार उघडं राहील याची सोय आधी करा. आणि चार वाजेपर्यंत गप राहायला सांगितलं, तर गप राहा.